पाटीवरची मोकळी जागा

३ मार्च, मंगळवार

पाटी मिळाली. रोज लिहायची मला सवय नाही, पण आज राग इतका आला आहे की तो कुठेतरी ठेवला पाहिजे. गोदामातलं एक कोरं रजिस्टर पडून होतं, ते घेतलं आहे.

दुपारी रिकामे पुठ्ठे घालायला भंगारवाल्याकडे गेलो होतो. त्याच्या शेडमागे गोणपाटांची चळत आहे. त्यावर आमच्या दुकानाची पाटी पालथी घातलेली, आणि तिच्यावर दोन टायर. मागच्या बाजूवरूनच ओळखली. उजवीकडचा लोखंडी आकडा वाकडा आहे. तो मी सहा वर्षांचा असताना लोंबकळून वाकवला होता आणि धपाटा खाल्ला होता.

काकांनी गेल्या महिन्यात दुकान बंद केलं. ती सगळी ओळच पाडणार आहेत. सामान विकलं ते समजू शकतो. पण पाटी? माणूस स्वतःच्या दुकानाची पाटी टायरांखाली टाकतो?

भंगारवाला म्हणाला, "स्टोव्हवाल्यांचा ना तू? ने की. सरळ धर, घासू नकोस कुठं." पाटी सहा फूट बाय अडीच फूट आहे. गोदामाच्या हातगाडीवरून आणली. जिन्यात दोनदा अडकली.

आई दारातच म्हणाली, "हे कशाला आणलंस घरात?"

मी म्हटलं, "पुढच्या खोलीत लावणार आहे. साफ करून."

बाबा बागेतून आले होते (ते नगरपालिकेच्या बागेत झाडांना पाणी घालण्याचं काम करतात). त्यांनी पाटीकडे पाहिलं, चपला काढल्या, पाय धुतले आणि गॅलरीत जाऊन बसले. 

२२ तारखेला, रविवारी, काका आमच्याकडे जेवायला येणार आहेत. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ते आता मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला चालले आहेत, म्हणून आईने बोलावलं. मला विचारलंही नाही. ठीक आहे. येऊ देत. दारातून आत आले की समोरच्या भिंतीवर ही पाटी दिसली पाहिजे, आणि तिच्यावर बाबांचं नाव दिसलं पाहिजे. एकोणीस दिवस आहेत.


५ मार्च, गुरुवार

कोमट पाणी, साबणाचा चुरा, जुना मऊ बनियन. एका वेळी वीतभर जागा पुसायची, लगेच कोरडी करायची, मग पुढची. सात बादल्या पाणी काळं झालं. वरचा थर नुसता काजळीचा आणि रॉकेलचा. अकरा वर्षांत काकांनी या पाटीवर एकदाही फडकं फिरवलेलं नाही. एकदाही! बाबा दर शनिवारी पुसायचे, मी स्टूल धरायचो.

काजळीखालून निघालं ते असं. पाटीची जमीन, म्हणजे मागचा रंग, निळी. वर मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'स्टोव्ह, कंदील व शेगडी दुरुस्ती'. 'दुरुस्ती'तल्या 'रु'पाशी रंग जरा उंच लागतो बोटाला. आधी तिथे दीर्घ रू होता. मी तिसरीत असताना तो दाखवला होता आणि काकांनी पेंटरला त्याच दिवशी परत बोलावून तो नीट करून घेतला होता. तेव्हापासून ते मला 'मास्तर' म्हणायला लागले. आठवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला मास्तर म्हणायचं, हा त्यांचा विनोद.

डावीकडे पितळी स्टोव्हचं चित्र, ज्योत निळीच, कडेला पांढरी. उजवीकडे खाली 'मालक', आणि त्याखाली काकांचं नाव. 'मालक' आणि काकांचं नाव यांच्यामध्ये चार बोटं मोकळी जागा. तिथे बाबांचं नाव होतं. त्याच्यावर निळी पट्टी मारलेली आहे. तिरक्या उजेडात कडा दिसते.

एवढी जागा अकरा वर्षं मोकळी राहिली. स्वतःचं नाव वर घ्यायलाही सुचलं नाही त्यांना. किंवा मुद्दाम ठेवली असेल, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं की इथला माणूस हाकलला म्हणून.

फ्रेमचे स्क्रू चौदा. तीन झिजलेले. आगपेटीत घालून वर 'पाटी, १४' असं लिहून ठेवले. झोपायच्या आधी पुन्हा मोजले.


८ मार्च, रविवार

मागच्या बाजूचा गंज तारेच्या ब्रशने काढला. खोकला लागला.

आईशी वाजलं. ती म्हणाली, "लाव हवं तर, पण ते जेवून गेल्यावर लाव."

"का? बाबांचं नाव बघून त्यांना घास उतरणार नाही म्हणून?"

"तुला काय माहीत आहे रे?"

"मला डोळे आहेत."

"डोळे सगळ्यांनाच असतात," असं म्हणून ती आत गेली आणि गॅस पेटवला. गॅस पेटला तसे बाबा नेहमीप्रमाणे उठून गॅलरीत गेले. त्यांना त्या वासाचा त्रास होतो. मलाही होतो थोडा. बाहेर पडताना मी बटण तीनदा बघतो.

मला काय माहीत आहे ते इथे लिहून ठेवतो. दुकान दोघांचं होतं. बाबा थोरले, हात बाबांचा. काकांना बोलण्यातच जास्त गती. मी तेरा वर्षांचा असताना एका सकाळी बाबा दुकानात गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी शाळेतून येताना मुद्दाम त्या रस्त्याने आलो, तर पाटीवरचं नाव गेलेलं आणि काका खाली बसून कुणाच्या तरी कंदिलाची काच पुसतायत. मला बघून म्हणाले, "काय मास्तर?" मी पळालो. बाबांना पुढे सात महिने काम नव्हतं. आठवी झाली आणि माझी शाळा सुटली. दाखला आणायला गेलो त्या दिवशी काका हेडमास्तरांच्या खोलीतून बाहेर पडत होते. आमची फजिती बघायला तिथपर्यंत आले होते.

आज मी गोदामात खोक्यांवर पत्ते लिहितो. शिकलेली माणसं गावांची नावं चुकीची लिहून पाठवतात, ती मी दुरुस्त करतो. कोणी विचारत नाही की तू किती शिकलास. विचारलं तर मी काकांचा पत्ता देईन.


११ मार्च, बुधवार

नाव निघालं!

घाईत लिहायचं नाही असं ठरवून आधी चहा प्यायलो. आता लिहितो.

कामावरून आल्यावर पाटी गॅलरीत घेतली. कापसाच्या बोळ्याला थोडंसं थिनर लावून निळ्या पट्टीच्या कोपऱ्यावर टेकवलं. मला वाटलं होतं की रंग विरघळून खालच्या अक्षरांत उतरेल आणि सगळा चिखल होईल. सहा दिवस त्याच भीतीने हात लावला नव्हता. पण कोपरा नुसता उचलला गेला. नखाने धरून ओढला तर दुधावरची साय यावी तशी वीतभर पट्टी एकसंध आली. पुढे थिनर लागलंच नाही. खाली बाबांचं नाव, काल लिहिल्यासारखं. पिवळा रंग चकाकत होता. पाटीवरची बाकी सगळी अक्षरं उन्हाने विटली आहेत, हे एकच नवंकोरं.

रंगातसुद्धा काकांनी खोट केली. भावाचं नाव पुसायचं तेही हलक्यातल्या रंगाने. बाकी कुठेही असा रंग सुटत नाही, मी तीन ठिकाणी करून पाहिलं.

बाबांना हाक मारली. ते आले. चष्मा काढून पुसला, परत घातला. अक्षरांवर बोट ठेवलं आणि लगेच काढलं, गरम लागल्यासारखं.

"हे झाक," म्हणाले.

"काय?"

"परत झाक ते. निळा मिळतो बाजारात."

मी हसलो. मला वाटलं थट्टा करतायत. पण बाबा थट्टा करत नाहीत. पायजम्याला हात पुसत आत गेले. जेवताना मान वर केली नाही.

माणसाला किती दाबलं तर त्याला स्वतःच्या नावाची भीती वाटेल? याचा हिशोब मला २२ तारखेला काकांकडून हवा आहे.


१४ मार्च, शनिवार

काकांचा फोन आला. आई पाणी भरत होती म्हणून मी घेतला. बोलणं जसंच्या तसं लिहितो, नंतर कोणी म्हणायला नको की मी वाढवून सांगतो.

"काय मास्तर, पाटी तू नेलीस म्हणे?"

"हो."

"पालथी ठेवली होती ना त्यानं? पालथी ठेव म्हणून सांगितलं होतं मी."

"टायरांखाली होती."

"हां, ते टायर होय. आणि गंज?"

"काढला."

"पुसलीस?"

"पुसली. बाबांचं नाव निघालंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"सगळं? अक्षरं धड आहेत?"

"धड आहेत. तुम्हाला वाटलं असेल ती मेली."

"बरं झालं," ते म्हणाले. मग खोकले. मग पुन्हा म्हणाले, "बरं झालं. वहिनीला दे फोन."

बरं झालं! इतकी वर्षं भावाचं नाव गाडून ठेवलं, आणि ते वर आलं तर म्हणे बरं झालं. निदान चिडायचं तरी. मी फोन आईच्या ओल्या हातात दिला आणि जिना उतरून चौकापर्यंत चालत गेलो. 


१५ मार्च, रविवार

आज काकांचं नाव काढलं.

सकाळी रंग उतरवायचं औषध आणलं. हातमोजे, नाकाला फडकं, दाढीची पाच पाती. औषध लावून वीस मिनिटं ठेवायचं, रंग फुगला की खरवडायचा. काकांचं नाव फुगेना. तीनदा लावलं. नाव पत्र्यात मुरल्यासारखं बसलेलं. पहिल्या पात्याची धार पहिल्याच अक्षरावर गेली. शेवटी गुडघा टेकून, सगळं वजन देऊन, एकेक काना, एकेक मात्रा खरवडली. अडीच तास लागले. आता तिथे फूटभर लांब उघडा पत्रा आहे, आरशासारखा. कुठलं अक्षर होतं ते कोणालाही सांगता येणार नाही.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? दहा मिनिटं इतकं बरं वाटलं की उठून शिट्टी वाजवली.

आई आली, बघितलं, आणि तिथल्याच स्टुलावर बसली. मला वाटलं आता ओरडणार.  म्हणाली, "पाती उचल तेवढी. पायाला लागतील."

उचलली. चारच सापडली. पाचवं तासभर शोधलं.


१७ मार्च, मंगळवार

फ्रेम सोडवली. डावं लाकूड वाळवीने पोकळ केलं आहे, ते बदलावं लागेल. फ्रेमखाली झाकलेल्या पत्र्यावर, खालच्या कोपऱ्यात, लाल ठिपका आहे. म्हणजे ही पाटी ठिपक्या पेंटरची. पूर्वी गावातल्या निम्म्या पाट्या त्याच्याच. नाव लिहायचा नाही, फ्रेमखाली जाईल असा एक ठिपका द्यायचा. तो अजून आहे, सायकल स्टँडच्या मागे राहतो असं गोदामातल्या हमालाने सांगितलं.

त्याच्याकडे जायचं ठरवलं. दोन कामं. एक, ज्योतीचा निळा विटला आहे, तो कसा मिळवायचा ते विचारायचं. दुसरं, बाबांचं नाव कोणाच्या सांगण्यावरून पुसलं ते त्याच्याकडून लिहून घ्यायचं. सही नाहीतर अंगठा. तो कागद मी पाटीच्या खाली चिकटवणार आहे. मजकूर तयार केला आहे, तीनदा तपासला.


२० मार्च, शुक्रवार

हे लिहायला दोनदा बसलो आणि उठलो. क्रमाने लिहितो. क्रम सोडला तर मला जमणार नाही.

पेंटरची खोली एवढीशी. भिंतीवर ब्रश उलटे टांगलेले, सगळे कोरडे. त्याचे हात कापतात. त्याने चहा दोन्ही हातांनी धरला.

"कोणाचा तू?"

सांगितलं.

"म्हणजे मास्तर! दीर्घ काढायला लावणारा! अरे, तुझ्यापायी मला शिडी घेऊन परत यावं लागलं होतं. तुझा काका म्हणे, पोरगा चूक म्हणतोय म्हणजे चूक."

मी कागद काढला. म्हटलं, बाबांचं नाव काकांनी पुसायला लावलं एवढं फक्त लिहून द्या.

त्याने कागद वाचला नाही. त्याला वाचता येतं की नाही कोण जाणे. "काकानं? कोण म्हणतं?" मग माझ्याकडे बघत राहिला. "तुला घरी काहीच सांगितलेलं नाही होय?"

"काय सांगायचं?"

"इस्त्रीवालीचं."

मला इस्त्रीवाली पुसट आठवते. दुकानाच्या समोरच तिची टपरी होती. बोरं द्यायची.

पेंटरने सांगितलं ते असं. तिच्या स्टोव्हच्या टाकीला चीर गेली होती. टाकी बदलायला हवी होती. पण तिला संध्याकाळच्या आत स्टोव्ह हवा होता आणि नवी टाकी दुकानात नव्हती. बाबांनी चीर कथील लावून झाळून दिली. दुसऱ्या सकाळी तिने पंप मारला आणि टाकी फाटली. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. जगली, पण पुन्हा इस्त्री धरता आली नाही. मुलगा येऊन तिला घेऊन गेला.

"लोक धावून आले दुकानावर," पेंटर म्हणाला. "तुझा बाप मागं उभा, पांढराफटक. आणि तुझा काका पुढं होऊन म्हणाला, मी केला होता तो स्टोव्ह. दोन थोबाडीत खाल्ल्या त्यानं. दात हलला. नंतर मला म्हणाला, दादाची पोरं लहान आहेत रे."

मी म्हटलं, "मी एकटाच आहे."

"तेव्हा तुझ्या आईला दिवस गेलेले होते," पेंटर म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की मला हेही माहीत नाही. तो चहाकडे बघायला लागला.

मी विचारलं, "मग नाव?"

"नाव तुझ्या बापानंच पुसायला लावलं. मला येऊन म्हणाला, आत्ताच्या आत्ता चल. माझ्या हातानं बाई जाळली, माझं नाव खात्रीच्या कामावर नको. तुझा काका शिडीला धरून उभा. म्हणे, हात लावलास तर हात मोडीन. भर रस्त्यात भांडले दोघं. तुझा बाप म्हणे, माझं पाप तू घेतलंस, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. तो म्हणे, मग काय तुला त्यांच्या हातात देऊ?"

"मग?"

"मग तुझा काका मला बाजूला घेऊन म्हणाला, दादाला पुसू दे. पण असं पूस की उद्या काढता आलं पाहिजे. म्हणून मी नावावर वार्निशचे दोन हात दिले. चांगलं खडखडीत वाळू दिलं. त्यावर मेण घासलं, मेणबत्तीचंच, आणि मग निळा. मेणावर रंग धरत नाही. नुसता बसतो. तुझ्या काकाला बजावलं होतं मी, दर शनिवारी ओलं फडकं लावायचं नाही, घासायचं नाही, नाहीतर हळूहळू सुटेल. बिचाऱ्यानं पाटीला हात लावला नाही म्हण ना!"

तो हसला. त्याला वरचे दात नाहीत. "निघालं का रे? साफ निघालं असणार."

"साफ निघालं," मी म्हटलं.

"आणि काकाचं नाव? त्याला सांगत होतो, तुझ्याही नावावर एक हात दे वार्निशचा, टिकेल. म्हणाला, माझं काय, मी रोज आहेच इथं."

मी उठलो. कागद तिथेच राहिला. ज्योतीच्या निळ्याचं विचारायचं राहून गेलं.


२१ मार्च, शनिवार

गोदामात आज मी चार पत्ते चुकीचे लिहिले. साहेबांनी दाखवले तेव्हा कळलं.

आधी आईला धरलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या थांबल्या नाहीत.

"काय सांगणार होते मी? तेरा वर्षांचा होतास. नंतर तुला काकांना शिव्या घालायची सवय लागली. त्याच्यावर तुझं बरं चाललं होतं."

"बरं चाललं होतं? माझी शाळा गेली!"

"शाळेसाठी ते हेडमास्तरांपर्यंत जाऊन आले. नाव चालू ठेवा म्हणाले, मी बघतो. तुझ्या बाबांनी दाखला काढून आणायला तुलाच पाठवलं."

"आणि ते दुसरं? बाळ?"

आईने उशीचा अभ्रा चौथ्यांदा घडी केला. "राहिलं नाही. त्या आठवड्यातच," म्हणाली. "ते नको आता."

मग मी गॅलरीत गेलो. बाबा कुंडीतली माती उकरत होते. मी इतक्या मोठ्याने बोललो की शेजारच्यांनी खिडकी उघडली. म्हटलं, तुम्ही बसून ऐकलंत. मी रोज त्यांना चोर म्हणत होतो, हरामखोर म्हणत होतो, जेवताना म्हणत होतो, आणि तुम्ही भात कालवत होता. एकदा तरी म्हणायचं होतं, की नाही रे, तसं नाही.

बाबा म्हणाले, "रोज म्हणणार होतो."

"अकरा वर्षं?"

"पहिल्या दिवशी राहिलं. मग रोज अवघड होत गेलं."

आत्ता लिहिताना कळतं आहे की मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. अजून येत नाही. आणि ती आली असती तरी गॅलरीच्या भिंतीला टेकवलेला तो उघडा पत्रा मला दिसत होताच. काकांनी भावाचं नाव मेणाखाली जपलं. आणि मी पाच पाती लावून त्यांचं खरवडून काढलं.

उद्या ते येणार. आई म्हणाली, पाटी शेजारच्यांकडे ठेव. मी नाही म्हटलं.


२२ मार्च, रविवार

काका साडेबाराला आले. वाळले आहेत. पिशवीत जुनी पितळी पिन आणली होती, स्टोव्हचं छिद्र साफ करायची. "मास्तर, ही तुला," म्हणाले. "हीच तेवढी राहिली."

पाटी समोरच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. मी वर चादर टाकलेली. त्यांनी चपला काढता काढताच चादरीकडे बघितलं. "ही का ती?"

मी चादर काढली. काही बोलायचं ठरवलं होतं, पाठही केलं होतं. त्याऐवजी चादरीची घडी घालत बसलो.

ते जवळ आले. बाबांचं नाव वाचलं, ओठ हलवून, एखादं नवीन पोर वाचतं तसं. मग खाली बघितलं. आधी कळलं नाही त्यांना. पत्र्यात त्यांचंच तोंड दिसत होतं. मग कळलं.

"अरे वा," म्हणाले. "या खेपेला माझा नंबर होय?"

"काका, मी..."

"कशानं काढलंस?"

"औषधाने. आणि पात्याने."

"जड गेलं असेल. ठिपक्यानं तीन हात दिले होते." त्यांनी अंगठा पत्र्यावरून फिरवला. "उघडा ठेवू नको हा. प्रायमर मार, नाहीतर महिन्यात गंज खाईल."

मला ओरडायचं होतं की मला एक थोबाडीत मारा. ते प्रायमरचं बोलत राहिले. लाल घे, करडा नको, म्हणाले.

तेवढ्यात बाबा गॅलरीतून आत आले. आत गॅस चालू होता, फोडणीचा आवाज येत होता, तरी ते आत आले आणि खोलीच्या मध्ये उभे राहिले. हात मातीचे.

"तो स्टोव्ह मी झाळला होता," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, काकांकडे नाही. "इस्त्रीवालीचा. टाकी बदलायला हवी होती. मी झाळला."

काका म्हणाले, "माहीत आहे रे दादा. मीच होतो ना शेजारी."

"तुला नाही सांगत. त्याला सांगतोय."

 आईने आतून हाक मारली की पानं घेतली आहेत, हात धुऊन या. बाबा हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला. काका मला हळूच म्हणाले, "माझ्या नावाचं राहू दे. मी कुठं आता दुकान मांडायला बसलोय?"

"नाही," मी म्हटलं. एवढंच जमलं.

जेवताना दोघे शेजारी बसले. दुकानाचं निघालं नाही. गुडघ्यांचं बोलले. काकांचा गुडघा जास्त दुखतो की बाबांचा, यावर जवळजवळ भांडण झालं.


२९ मार्च, रविवार

मंगळवारी लाल प्रायमरचा पहिला हात. गुरुवारी घासून दुसरा. शुक्रवारी निळा. निळा जमायला चार वाट्या रंग फुकट गेला. अजूनही उन्हात किंचित फरक दिसतो, मला दिसतो.

काकांचं नाव लिहायला ठिपक्या पेंटरला आणलं होतं. त्याने ब्रश धरून पाहिला आणि माझ्या हातात दिला. "मी सांगतो, तू ओढ." पण अक्षरं किती रुंद होती ते त्यालाही आठवेना. पत्र्यावर तर मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

बाबा मागे उभे होते. ते खाली बसले, बोटं पत्र्यावर आडवी ठेवली आणि पेन्सिलीने खुणा केल्या. पहिलं अक्षर तीन बोटं. दुसरं तीन. काना जरा लांब, पेंटरचा हात तिथे नेहमी घसरायचा. शेवटचं अक्षर चार बोटं, कारण ते काकांनी हट्टाने मोठं करून घेतलं होतं. एकदाही खोडरबर लागला नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या नुसत्या शनिवारच्या पुसण्यावरून सगळं लक्षात होतं. मी विचारलं, बाबांच्या नावाच्या खुणा अशाच सांगता येतील का? म्हणाले, नाही.

बाबांवरचा माझा राग गेलेला नाही. परवा त्यांनी विचारलं, चहा घेणार का, तर मी उत्तर दिलं नाही. आज दिलं.

दुपारी अक्षरं ओढली. हात दोनदा थांबला, पण कुठे सांडलं नाही. काका परवा गाडीत बसतील, त्याआधी येऊन बघतील असं म्हणाले आहेत. आकडा वाकडाच ठेवला. स्क्रू चौदाच्या चौदा बसले.

लिहायला घेण्याआधी पेंटरने खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला होता. "घासू का खाली? उद्या कोणाचं बिनसलं तर सोपं जाईल," म्हणाला, आणि डोळा मारला.

मी नको म्हटलं. नाव सरळ निळ्या रंगावर लिहिलं आहे. ते काढायचं झालं तर पुन्हा पाच पाती लागतील, अडीच तास लागतील, आणि गुडघा टेकून बसावं लागेल.